चुलीपुरती जागा

गवत लावायचं तर भात लावणारी माणसं आणा, असं मंगळूनेच ठेकेदाराला सांगितलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय त्याला उरली नाही.

जागा पेठ रोडच्या अंगाला, नव्या सोसायट्यांच्या मधोमध. कागदावर ती उद्यानासाठी राखलेली, पण वर्षानुवर्षं नुसतीच उघडी पडलेली. पावसाळ्यात तिथे वेड्या बाभळी माजत आणि आजूबाजूच्या इमारतींचा राडारोडा येऊन पडे. दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून माणसं खाली उतरत. घरचं भात आणि नागली कापून झालेली असे, इकडे द्राक्षबागांत कामं निघालेली असत. ही माणसं त्या जागेवर बांबू रोवत, वर प्लास्टिक ताणत, पुढ्यात तीन दगडांची चूल मांडत आणि होळीपर्यंत राहत. पहाटे बागायतदारांचे टेम्पो त्यांना दिंडोरी, मोहाडीकडे घेऊन जात आणि संध्याकाळी आणून सोडत. होळी जवळ आली की बांबू उपसून कडुलिंबाला बांधून ठेवायचे आणि गावी जायचं. कुणाचं पाल कुठे, हे ठरलेलं होतं. कुणी कुणाच्या जागेवर बांबू रोवत नसे.

मंगळू लहानपणी याच जागेवर राहिला होता. आईबाप लवकर गेले, तेव्हा मैनाआतेने त्याला आपल्या पालात घेतलं आणि आपल्या पोरांच्या ताटात जेवू घातलं. पुढे तो शहराला चिकटला. नर्सरीत कुंड्या उचलता उचलता माळीकाम शिकला आणि गोरक्षशेठ नावाच्या बागांच्या ठेकेदाराकडे मुकादम झाला. लग्न झालं, एक मुलगी झाली. राहायला मात्र पत्र्याची भाड्याची खोली, तीही दर दोन वर्षांनी बदलायची. बायको मीना म्हणायची, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आपलं डोक्यावर.

जूनमध्ये त्या जागेवर जेसीबी फिरला. बाभळी गेल्या, चुलींचे दगड गेले, कडुलिंबाला बांधून ठेवलेले बांबूही राडारोड्याबरोबर ट्रकात गेले. सोसायट्यांनी मिळून तिथे बाग करायची ठरवली होती आणि काम गोरक्षशेठला मिळालं होतं. बागेच्या कोपऱ्यात पंपाची खोली बांधायची होती, तिला लागून माळ्यासाठी एक खोली, आत मोरी आणि नळ. गवत नीट धरलं तर ती खोली आणि माळ्याची कायमची नोकरी तुझी, असं शेठने मंगळूला सांगितलं. मंगळूने विचारलं, दिवाळीनंतर इथे गावाकडची माणसं येतात, त्यांचं काय? शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने खरं ते सांगितलं.

"माणसं हाकलली की ओरड होते, पेपरात येतं. गवत लावलं की कुणी काही बोलत नाही. गवताला कोण नाही म्हणणार?"

मंगळूने मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही. घरी येऊन त्याने मीनाला खोलीचं सांगितलं, बाकीचं सांगितलं नाही.

शेठने घाईने आधी तयार गवताचं कार्पेट आणून अंथरलं. वरून झकास दिसलं. पण खाली चार बोटं माती आणि त्याखाली सिमेंटचे तुकडे, विटा, फरशा. पावसाचं पाणी मुरेना, पंधरवड्यात सगळं पिवळं पडून कुजलं. सोसायटीच्या लताबाई बागेचं काम बघत असत. त्यांनी शेठला असं काही फैलावर घेतलं की तो दोन दिवस फोनच उचलत नव्हता. मग मंगळूने तोंड उघडलं. डबर खणून काढू, चांगली लाल माती आणि शेणखत टाकू आणि गवताच्या मुळ्या हाताने एकेक लावू. वेळ लागेल, पण धरेल. आणि लावायला आमच्या गावच्या बायका आणू, त्यांचा हात रोपावर बसलेला असतो. हे सांगताना आपण गावाला चार दिवसांचं काम मिळवून देतोय असं त्याला खरोखरच वाटत होतं. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा बहुतेक वेळा असंच काहीतरी चांगलं काम काढून फसवतो.

श्रावणात भाताची लावणी उरकली आणि मंगळू गावी गेला. मैनाआते ओटीवर बसून गोधडी शिवत होती. तो म्हणाला, "आते, आपल्या जागेवर गवत लावायचं हाय. बाया घेऊन येशील का?"

आपल्या जागेवर. दुसरं काही म्हणायचं त्याला सुचलंच नाही. लहानपणापासून ती जागा त्याच्या तोंडी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी जीप भरून बायका आल्या. बरोबर दोन-तीन पुरुष होते, त्यात आतेचा मोठा मुलगा सोमाही होता. जागा सपाट झालेली बघून त्या जरा भांबावल्या, पण थोडाच वेळ. आतेने कडुलिंब पाहिला, विजेचा खांब पाहिला, मागून वाहणाऱ्या पाटाकडची भिंत पाहिली आणि हात दाखवत वाटणी करून टाकली. ही तुझी जागा, ही हिची, ती खांबाच्या रेषेतली माझी. मुळ्यांच्या ओल्या गोण्या प्रत्येकीने आपापल्या जागेपाशी ओढून नेल्या आणि कंबरेत वाकून लावणी सुरू झाली. चिमूटभर मुळ्या घ्यायच्या, बोटाने भोक पाडायचं, मुळ्या दाबायच्या, अंगठ्याने माती बसवायची. शेतात भाताचं आवण लावताना जशा मागे सरकत जातात तशा त्या मागे सरकत गेल्या. मंगळू वाटणी बघत राहिला. कुणी कुठून सुरू केलं तरी त्याला काय, असं त्याने मनाशी म्हटलं. तसं म्हणावं लागलं, म्हणजे काहीतरी खटकलंच होतं.

लताबाई चहा घेऊन आल्या. स्टीलच्या पिंपात चहा आणि बशीत बिस्किटं, सगळ्यांना पुरतील इतकी. बायकांशी त्या चांगल्या बोलल्या. गुडघे दुखत नाहीत का, एवढा वेळ वाकून कसं जमतं, असं विचारत राहिल्या. त्या गेल्यावर आते मंगळूला म्हणाली की शहरातल्या लोकांना देवाने बरी बुद्धी दिली. मंगळू चहा पीत होता, त्याला ठसका लागला.

संध्याकाळी काम संपत आलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की लावणीत जागोजाग गोल मोकळे सोडलेले आहेत. परातीएवढे, नऊ-दहा तरी असतील. मुळ्या कमी पडल्या म्हणावं तर दोन गोण्या तशाच भरलेल्या होत्या. त्याने आतेला विचारलं.

"चुलीला जागा नको का?" आते म्हणाली. "गवतावर जाळ केला तर लावलेलं जळून जाईल. औंदा अंगाखाली मऊ लागंल बघ. दरसाल दगड टोचायचे."

सांगायचं होतं तर तेव्हाच. त्याला ते कळत होतं, तरी तो उरलेल्या गोण्या बांधायला वळला. आते मातीचे हात पदराला पुसत उभी होती आणि दिवसभर कुणी काम केल्यावर चेहऱ्यावर जे समाधान असतं ते तिच्या चेहऱ्यावर होतं. आता सांगितलं तर मजुरी घ्यायची की नाही याचीही त्यांना लाज वाटेल, असं एक कारण त्याने स्वतःला दिलं. अंधार पडायच्या आत घाट गाठायचाय, हे दुसरं. तिसरं कारण खोलीचं होतं, ते त्याने मोठ्याने मनातही म्हटलं नाही.

जीपमध्ये चढताना आते म्हणाली, "शेरडं-गुरं शिरू देऊ नको. जागा राख."

"राखतो," मंगळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेठ आला, गोल बघून हसला आणि म्हणाला, हे काय टक्कल पडलंय, भरून घे. मंगळूने दुसऱ्या मजुराला सांगायला हरकत नव्हती, तीन मजूर समोर उभे होते. त्याने त्यांना माती वाहायला पाठवलं आणि गोल स्वतः भरले. प्रत्येक गोलात बसताना हे कुणाच्या चुलीचं आहे ते त्याला आठवत होतं. इथे कुणाची भाकरी करपायची, इथे कुणी नवऱ्याच्या नावाने खडे फोडायची, इथे कडाक्याच्या थंडीत मिळून सगळे बसायचे. खांबाच्या रेषेतल्या गोलात त्याने सगळ्यांत शेवटी हात घातला. मातीत बोट रुतवलं की आतून राख निघत होती. जेसीबीने दगड नेले होते, वर नवी माती पडली होती, तरी इतक्या वर्षांची राख खाली राहिलीच होती. त्याने शेणखताची एक जादा पाटी तिथे ओतली. कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. अपराधी माणूस असाच कुठेतरी जास्तीचं खत घालतो.

घरी मीनाने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. तिने तांदूळ निवडून बाजूला ठेवले. मग म्हणाली की आतेला सांगायला हवं, आणि खोलीही जाऊ देऊ नये. दोन्ही एकदम कसं व्हायचं, असं त्याने चिडून विचारलं. ते तुमचं तुम्ही बघा, ती म्हणाली. पोरीची शाळा बागेपासून चालत पाच मिनिटांवर आहे, हेही ती म्हणाली, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

गवत धरलं. असं धरलं की दसऱ्याला बागेचं उद्घाटन करताना लताबाईंनी दोनदा मंगळूचं नाव घेतलं. भोवती जाळी बसली, फाटक आलं, कुलूप आलं आणि कुलपाची किल्ली मंगळूच्या कमरेला आली. बिऱ्हाड खोलीत आलं. मीनाने पहिल्या दिवशी नळ सोडून उगीचच हात धुतले, पोरीने पुन्हा पुन्हा धुतले. मंगळू उंबऱ्यात बसून गवताकडे बघत होता. जिथे जिथे त्याने गोल भरले होते तिथे गवत बाकीच्यापेक्षा गर्द आलं होतं. गावी पेरणीआधी पालापाचोळा पेटवून राब भाजतात, भाजलेल्या राखेच्या मातीत रोपं काळीभोर येतात, हे त्याला काय नवीन होतं? पण इथे ते असं उमटेल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. चुली मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट दिसत होत्या. त्याने तिथलं गवत जास्त बारीक कापून पाहिलं, रंग काही गेला नाही.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला तो गावी गेला, ठरवून गेला. यावेळी सांगायचंच. वाघदेवापाशी नारळ फुटले, पोरांनी वाघ होऊन उड्या मारल्या, भात-उडदाचं जेवण झालं. मग आतेच्या ओटीवर तो बसला आणि बोलायला तोंड उघडणार तोच सोमा म्हणाला की यंदा पेंढा खाली न्यायची कटकट नाही. दरवर्षी ही माणसं अंगाखाली अंथरायला भाताच्या पेंढ्याचे भारे टेम्पोवर लादून आणायची. यंदा गवत आहे म्हणून सगळ्यांनी पेंढा गुरांना ठेवला होता, काहींनी तर विकूनही टाकला होता. आतेने लेकाचं बोलणं ऐकून मान डोलावली. आता मंगळूने सांगायचं म्हणजे जागा गेली एवढंच नाही, पेंढाही गेला, हे सांगायचं. जितका उशीर तितकं सांगणं महाग. तो रात्रीची शेवटची गाडी पकडून परत आला. वाटभर त्याला स्वतःची इतकी चीड येत होती की शेजारच्या प्रवाशाने जरा सरका म्हटलं तर तो त्याच्यावरच खेकसला.

दिवाळीनंतर ती माणसं आली. ऐन दुपारी, टेम्पोतून, गाठोडी, भांडी, कोंबड्यांची डालगी, नवे बांबू. फाटक बंद होतं, दुपारी बंद झालेली बाग पाचला उघडायची. त्यांनी सामान फुटपाथवर उतरवलं आणि मंगळूची वाट बघत जाळीपाशी उभी राहिली. मंगळू खोलीतून बाहेर आला तेव्हा आते जाळीला हात लावून बघत होती.

"जाळी पण केलीस," ती म्हणाली. "बरं झालं. गुरं शिरायची नाय."

त्याने फाटक उघडलं. का उघडलं? बंद ठेवून सांगायची हिंमत नव्हती म्हणून. आतेने चपला फाटकाबाहेर काढल्या आणि आत आली. लावणीच्या चिखलात ती नेहमी अनवाणीच, पण आज तिने चपला सरळ जोडून ठेवल्या. ती गवतावरून चालत खांबाच्या रेषेत गेली आणि थांबली. तिच्या पायांपुढे गर्द हिरवा गोल होता. तिने खाली बसून तिथल्या गवतात बोटं घातली. लावणी आपल्या हातची नाही, हे तिला कळलं असणार. तिच्यामागून सोमा एक बांबू खांद्यावर घेऊन आत आला.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून लताबाई खाली आल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं, हे सांगायला हवं. दिवाळीनंतर ही माणसं पूर्वी इथे राहायची हे त्यांना माहीत होतं, पण तीच गवत लावायला आली होती हे नव्हतं. त्यांनी आतेला ओळखलं आणि त्यांचा चेहरा खुलला. अहो, तुम्हीच ना त्या, त्या म्हणाल्या, किती सुंदर लावलंत, सगळे विचारतात. बसा ना थोडा वेळ, बघा. मग त्यांनी बांबू पाहिला, बाहेरचं सामान पाहिलं आणि आवाज न चढवता मंगळूला म्हणाल्या, "मंगळूभाऊ, ह्यांना सांगितलं नाहीत का? इथे आता राहता येणार नाही."

आते उठली. तिने लताबाईंकडे पाहिलंच नाही.

"तुला ठाव व्हतं?"

"व्हतं," मंगळू म्हणाला.

"लावायच्या आधी?"

त्याने मान हलवली. जूनमध्ये शेठपुढे हलवली होती तितकी ती सहज हलली नाही.

सोमाने मात्र शब्द राखून ठेवले नाहीत. कुंपणानेच शेत खाल्लं, तो म्हणाला, आमच्या हातानं आमच्याच चुली बुजवल्यास. मंगळूने चुली त्यांच्या हाताने नाही, आपल्याच हाताने बुजवल्या होत्या. पण हे सांगून काय सुटणार होतं, उलट आणखी अडकणंच होतं. तो आतेला म्हणाला की निदान तू तरी आत खोलीत राहा, मीना जागा करेल. मीना दारात उभी होती, तिनेही हो म्हटलं.

"खोलीत एक चूल मावंल," आते म्हणाली. "बाकीच्यांनी काय करायचं?"

ती बाहेर गेली, चपला घातल्या आणि सगळ्यांना चला म्हणाली. लताबाईंना वाईट वाटलं, ते दिसत होतं. त्यांनी घरून लाडू-चिवड्याची पिशवी आणली आणि ती कुणी तरी घेतलीही. मग त्या वर गेल्या. तसं बघितलं तर त्यांच्याकडून आणखी काय व्हायला हवं होतं, हे मंगळूला सांगता आलं नसतं. आपल्याकडून काय व्हायला हवं होतं हे मात्र त्याला नेमकं ठाऊक होतं.

त्यांनी पाटाच्या कडेला, बागेपासून हाकेच्या अंतरावर, खडकाळ पट्टीवर पालं टाकली. तिथे पाण्याचा वास यायचा आणि डास होते. मंगळू तिसऱ्या दिवशी कुठून कुठून पेंढ्याचे भारे गोळा करून घेऊन गेला. ती माणसं तो परत करतील, अशी त्याला थोडी आशा होती. पेंढा फेकून दिला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर हिशेब मिटल्यासारखं वाटलं असतं. पण त्यांनी तो घेतला आणि वाटून अंथरला. थंडी पडली होती, पोरं लहान होती, मान राखायला कुणाला सवड होती? आतेने त्याला चहा दिला. पोरीची शाळा कशी चाललीय, मीनाचा खोकला थांबला का, असं नेहमीसारखं विचारलं. आणि हेच त्याला सहन होईना. थंडीभर तो काही ना काही कारण काढून तिकडे जात राहिला आणि दरवेळी चहा पिऊन परत येत राहिला.

बागेत माणसं वाढली. सकाळी म्हातारे हास्यक्लब करायचे, संध्याकाळी पोरं गर्द गोलांमध्ये उभं राहून खेळायची, एका गोलातून दुसऱ्यात उडी. लताबाईंनी एकदा विचारलं की हे गोल मुद्दाम केलेत का, किती छान दिसतात, कोणतं खत घातलंत? शेणखत, तो म्हणाला. त्याच्या आत राख आहे हे त्याने सांगितलं नाही. मग त्याला वाटलं, हेही सांगितलं नाहीच. खाई त्याला खवखवे म्हणतात. मंगळूला आता साध्या प्रश्नाचं उत्तर देतानाही खवखवत होतं.

होळीला आठवडा राहिला असताना गोरक्षशेठ खुशीत आला. बागेचं नाव झालं होतं. पाटाकडच्या पट्टीवर चालायची वाट आणि दोन्ही बाजूंनी गवत, असं नवं काम मिळालं होतं. शेठ हात चोळत म्हणाला, "होळीला ती माणसं गावी गेली की जेसीबी घालू. आणि लावायला तुझ्याच बायका आण. त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

मंगळूने यावेळी मान हलवली नाही. बघतो, म्हणाला. शेठ गेल्यावर त्याने किल्ली मीनाकडे दिली आणि सरळ पाटाकडे चालू लागला. मीनाने कुठे म्हणून विचारलं नाही. वाटेत त्याने सगळं मनाशी जुळवलं होतं. यावेळी काही लपवायचं नाही. काम आपण घेत नाही म्हणून शेठला सांगायचं, खोली गेली तर गेली. हे ठरवल्यावर त्याला कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं. आता आपण सांगणार, आणि सांगितलं की सुटणार.

बायका कामावरून आल्या होत्या, चुली पेटत होत्या. तो आतेसमोर उकिडवा बसला आणि एका दमात बोलला. ही जागाही जाणार. होळीनंतर जेसीबी येणार. इथे गवत लावायचं आहे आणि शेठ म्हणतो तुम्हीच लावा. मी आधी सांगितलं नव्हतं, ते चुकलं माझं. लय चुकलं. आता मी त्याला नाही म्हणून सांगतो.

आतेने चुलीतलं लाकूड आत सारलं. आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. कुणी रडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. सोमा उठून जरा लांब जाऊन उभा राहिला.

"तू नाय म्हटलंस तर तो दुसरी माणसं आणंल," आते म्हणाली. "मागल्या बारीला पण सांगितलं असतंस तरी लावलं असतं रे. श्रावणात दुसरं काम कुठं असतं?"

इतके महिने जे मनात ठेवून तो दबला होता, ते न सांगायला काही कारणच नव्हतं, हे आत्ता मंगळूला कळलं. त्याने लपवून कुणाला वाचवलं नव्हतं आणि आत्ता सांगूनही कुणाला वाचवत नव्हता.

आतेने बायकांकडे नजर फिरवली. त्यांच्यात हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं. मग ती त्याच्याकडे वळली.

"कवा यायचं ते सांग. आमची भाताची लावणी आटपल्यावर ठेव म्हणजे झालं."

"तवाच ठेवतो," तो म्हणाला.

तिने त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला आणि भाकरी थापायला घेतली. तो माफी मागायला आला होता आणि मजूर ठरवून परत निघाला.